हेरेझ 2005 ला दंड नाही, ले मान्स 2011 ला दंड. मग ओव्हरटेकचा निकष नेमका कोणता?

घाटवाट

मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची जागतिक स्पर्धा, आमच्या घरात बरीच वर्षे पाहिली जाते आणि ओव्हरटेकवरून वाद झाला नाही असा शर्यतीचा रविवार क्वचितच जातो. माझा धाकटा भाऊ व्हॅलेंटिनो रॉसीचा निस्सीम भक्त असल्यामुळे रॉसीने दामटलेली गाडी त्याला कौशल्य वाटते आणि मार्क मार्केझने तेच केले की तो गुन्हा ठरतो. त्याची समजूत घालणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, पण त्या निमित्ताने मलाच पडलेला प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवतो.

10 एप्रिल 2005 रोजी हेरेझला शेवटच्या फेरीतील अगदी शेवटच्या वळणावर सेटे जिबर्नाऊ पुढे होता आणि रॉसी त्याच्या मागे होता. डावीकडे वळणाऱ्या त्या हेअरपिनमध्ये रॉसी आतून घुसला, जिबर्नाऊ तोवर वळू लागला होता, दोघे एकमेकांवर आदळले आणि जिबर्नाऊ बाहेरच्या खडीत गेला. तो कसाबसा परत येऊन दुसरा आला, रॉसी जिंकला, आणि पोडियमवर (पहिल्या तिघांच्या मंचावर) स्पॅनिश प्रेक्षकांनी रॉसीची हुर्यो उडवली. रॉसीला शिक्षा मात्र काहीही झाली नाही. याउलट 15 मे 2011 रोजी ले मान्सला मार्को सिमोन्सेलीने डॅनी पेड्रोसाला बाहेरून गाठले आणि लगेच वळणाच्या आतल्या बाजूकडे गाडी वळवली. पेड्रोसा तेथेच होता, तो पडला आणि त्याचे कॉलरबोन मोडले. सिमोन्सेलीला पिटलेनमधून, म्हणजे संघांच्या गॅरेजसमोरच्या वेगमर्यादेच्या रस्त्यातून, एक चक्कर मारून येण्याची शिक्षा झाली आणि हातातले पोडियम गेले.

तिसरे उदाहरण 2008 च्या लागुना सेकाचे आहे. तेथील कॉर्कस्क्रू नावाच्या वळणावर केसी स्टोनरला मागे टाकताना रॉसी ट्रॅक सोडून आतल्या मातीवरून गेला आणि पुन्हा पुढेच निघाला. पाच वर्षांनी त्याच जागी मार्केझने खुद्द रॉसीला जवळजवळ तशाच प्रकारे मातीवरून मागे टाकले. दोन्ही वेळा कोणालाही शिक्षा झाली नाही, आणि आज त्या दोन्ही चित्रफिती स्पर्धेच्या जाहिरातीत मिरवल्या जातात.

तर माझा प्रश्न असा, की धडक झाली हा निकष आहे, समोरचा पडला हा निकष आहे, कोणाला किती लागले हा निकष आहे, की गाडीवर कोण बसले होते हा? लिखित नियम काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय पाहिले जाते, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

---

पिटवॉल

आधी लिखित नियमाबद्दल, कारण तो अपेक्षेपेक्षा फारच त्रोटक आहे. एफआयएमच्या (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या) ग्रां प्री नियमावलीत ओव्हरटेक कसा करावा यासाठी स्वतंत्र कलम नाही. स्वाराने ट्रॅकवर आणि पिटलेनमध्ये जबाबदारीने, इतरांना धोका होणार नाही अशा रीतीने गाडी चालवावी, एवढेच तेथे सांगितले आहे. फॉर्म्युला वनमध्ये वळणाच्या एपेक्सला (सर्वांत आतल्या बिंदूला) मागच्या गाडीचा पुढचा आस पुढच्या गाडीच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचलेला असला म्हणजे तिला जागा द्यावी लागते, याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. दुचाकीला असे मोजमाप लावणे अवघड आहे, कारण ती वळणात आडवी झालेली असते, तिच्या स्वाराचे कोपर जमिनीला टेकलेले असते आणि तिची रुंदी क्षणाक्षणाला बदलते. त्यामुळे सगळा भार पंचांच्या विवेकावर येऊन पडतो.

हे पंच कोण, हेही मध्यंतरी बदलले आहे. 2015 पर्यंत शर्यत चालवणारे रेस डायरेक्शनच शिक्षाही देत असे. त्या वर्षी सेपांगला सातव्या फेरीत चौदाव्या वळणावर रॉसीने मार्केझला बाहेर रेटत नेले आणि मार्केझ पडला. रॉसीला तीन दंडगुण मिळाले, आधीचा एक धरून ते चार झाले, आणि चार दंडगुणांची शिक्षा म्हणजे पुढच्या शर्यतीला सर्वांत मागून सुरुवात, अशी तेव्हाची तरतूद होती. वॅलेन्सियाला तो शेवटच्या जागेवरून निघून चौथा आला आणि होर्हे लोरेन्झोने अवघ्या पाच गुणांनी विश्वविजेतेपद मिळवले. त्या प्रकरणाने इतका धुरळा उडाला की 2016 पासून शिक्षा ठरवण्यासाठी स्टुअर्ड्सचे वेगळे मंडळ आले, आणि 2013 मध्ये सुरू झालेली दंडगुणांची पद्धतही लवकरच मोडीत निघाली. 2019 पासून 2024 पर्यंत फ्रेडी स्पेन्सर त्या मंडळाचे अध्यक्ष होते. 2025 पासून सायमन क्रॅफर आहेत. दोघेही स्वतः 500 सीसीच्या शर्यती जिंकलेले स्वार आहेत, तेव्हा ‘यांना गाडीतले काय कळते’ असे म्हणण्याची सोय नाही.

शिक्षेच्या पायऱ्या आता बऱ्याच आहेत. मिळवलेले स्थान परत द्यायला लावणे ही सर्वांत सौम्य. त्यानंतर 2019 मध्ये आलेली लाँग लॅप, म्हणजे एका वळणाच्या बाहेरून आखून दिलेल्या लांबच्या पट्ट्यातून जाऊन दोन-तीन सेकंद गमावणे. मग दुहेरी लाँग लॅप, पिटलेनमधून चक्कर, पुढची शर्यत पिटलेनमधून सुरू करणे, काळा झेंडा (शर्यतीतून बाद) आणि शेवटी बंदी. पायऱ्या स्पष्ट आहेत, परंतु कोणत्या चुकीसाठी कोणती पायरी, हे मात्र रविवारागणिक बदलते.

याचे सर्वांत खटकणारे उदाहरण 2022 चे आहे. 5 जूनला बार्सिलोनाच्या पहिल्याच वळणावर ताकाकी नाकागामीचे पुढचे चाक ब्रेक लावताना निसटले आणि त्याने फ्रान्चेस्को बान्याया व अ‍ॅलेक्स रिन्स यांना सोबत पाडले. रिन्सचे मनगट मोडले. नाकागामीला शिक्षा झाली नाही. बरोबर तीन आठवड्यांनी आसेनला फाबिओ क्वार्टारारो पाचव्या वळणावर आलेश एस्पार्गारोच्या आत शिरताना घसरला, एस्पार्गारो पडला नाही, खडीतून फिरून आला आणि चौथा येऊन थांबला. येथे क्वार्टारारोला पुढच्या शर्यतीसाठी लाँग लॅप मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे तेव्हा पॅडॉकमध्ये (संघांच्या तळावर) अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

शिक्षेचे शब्दही नीट लिहावे लागतात. 2023 च्या मोसमातील पहिल्याच शर्यतीत, पोर्टिमाओला, मार्केझ मिगेल ऑलिव्हेरावर आदळला. ‘अर्जेंटिनाच्या शर्यतीत दुहेरी लाँग लॅप’ अशी शिक्षा निघाली, पण मार्केझचा स्वतःचा अंगठा मोडल्याने तो अर्जेंटिनाला गेलाच नाही. मग स्टुअर्ड्सनी शिक्षा ‘तो ज्या पुढच्या शर्यतीत उतरेल त्या शर्यतीला’ अशी बदलली, त्याच्या होंडा संघाने त्याविरुद्ध अपील केले आणि अखेर ती शिक्षाच रद्द झाली. अशा प्रकारे एवढ्या सरळसरळ चुकीची किंमत, कागदावर तरी, शून्य राहिली.

तेव्हा तुमच्या चार पर्यायांना नियमावलीतून उत्तर मिळणार नाही. धडक हा निकष नाही, हे मात्र खात्रीने सांगता येते. तसा असता तर 2015 ला आसेनच्या शेवटच्या शिकेनमध्ये (लागोपाठच्या उलटसुलट वळणांत) रॉसी आणि मार्केझ एकमेकांवर घासले, रॉसी खडीतून सरळ जाऊन जिंकला, तेव्हा कोणाला तरी शिक्षा व्हायला हवी होती. झाली नाही.

---

दोन_चाके

पिटवॉल यांनी कायदा सांगितला. मी गाडीवरून काय दिसते ते सांगतो. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर मी काही काळ नवशिक्यांच्या वन-मेक (सर्वांना एकाच मॉडेलची गाडी) गटात शर्यती केल्या आहेत. वेग मोटोजीपीच्या निम्मासुद्धा नाही, पण वळणाचे गणित तेच आहे.

बहुतेक ओव्हरटेक ब्रेकिंगमध्ये होतात. सरळ पट्ट्याच्या शेवटी मागचा स्वार पुढच्यापेक्षा किंचित उशिरा ब्रेक लावतो आणि आतल्या बाजूने शेजारी येतो. त्या क्षणी जवळजवळ सगळे वजन पुढच्या चाकावर असते, मागचे चाक हवेत तरंगत असते, आणि पुढच्या टायरच्या पकडीचा जो काही साठा आहे तो ब्रेक आणि झुकणे या दोघांत वाटून घ्यावा लागतो. गाडी जितकी जास्त झुकवाल तितका ब्रेक सोडावा लागतो. आतून येणाऱ्याची वाट अरुंद असते, कोन तीक्ष्ण असतो आणि वेग वाजवीपेक्षा जास्त असतो. म्हणून एपेक्स गाठल्यावर तो बाहेरच्या बाजूला फाकतोच. यात गैर काही नाही. समोरचा शहाणा असेल तर गाडी थोडी उभी करतो, त्याला जाऊ देतो आणि तो फाकला की त्याच्या आतून परत पुढे निघतो. शर्यतीतील अर्धी मजा या उलटवारात आहे.

आता तुमचा निकष. मी स्वतः प्रत्येक चित्रफीत पाहताना एकच गोष्ट तपासतो. मागे टाकला गेलेला स्वार चित्रातून मनाने पुसून टाकायचा, आणि मग मागे टाकणारा त्याच वेगाने, त्याच ब्रेकिंगने ते वळण ट्रॅकच्या आत राहून घेऊ शकला असता का, हे पाहायचे. उत्तर ‘होय’ असेल तर ओव्हरटेक कितीही दणकट असला तरी तो शर्यतीचा भाग आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर त्याने समोरच्या माणसाचा उपयोग भिंतीसारखा केला. म्हणजे आपला जादा वेग दुसऱ्याच्या अंगावर जिरवला. तो बेदरकारपणा, मग कोणी पडो वा न पडो.

याला एक जोड द्यावी लागते. रेसच्या गाडीला आरसे नसतात. पुढच्याला मागचा दिसत नाही, तो आधी ऐकू येतो: आपल्या इंजिनाच्या आवाजात दुसराच एक सूर मिसळतो, मग गुडघ्याशेजारी एक सावली येते आणि त्यानंतर पुढच्या चाकाची कड दिसते. तोवर आपण गाडी झुकवायला सुरुवात केली असेल तर आता ती उभी करणे म्हणजे सरळ खडीत जाणे. म्हणून मागच्याने पुढचा वळू लागण्यापूर्वीच शेजारी पोहोचले पाहिजे. नुसते चाक दाखवणे म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यासारखे आहे. धरली असे आपण म्हणतो, बसलेल्याला ते मान्य असतेच असे नाही.

या दोन कसोट्या लावून पाहा. 2009 मध्ये बार्सिलोनाला रॉसीने लोरेन्झोला शेवटच्या फेरीत, ज्या वळणावर सहसा कोणी प्रयत्नच करत नसे त्या शेवटच्या उजव्या वळणावर आतून मागे टाकले आणि 0.095 सेकंदाने जिंकला. स्पर्श नाही, फाकणे नाही, दोन्ही कसोट्यांवर खणखणीत उत्तीर्ण. 2019 मध्ये ऑस्ट्रियाला आंद्रेआ डोव्हिझिओसोने मार्केझला शेवटच्या वळणावर मागे टाकले, तेही त्याच जातीचे.

अर्जेंटिना 2018 मात्र दोन्हीत नापास. त्या दिवशी ट्रॅक अर्धवट वाळलेला होता. गाड्यांनी वाळवलेला एक अरुंद पट्टा तेवढा कोरडा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओल होती. मार्केझ मागून सगळ्यांपेक्षा किती तरी वेगाने येत होता. रॉसीच्या आत शिरायचे म्हणजे कोरडा पट्टा सोडून ओलीवर जायचे, आणि ओलीवर त्या वेगाने ते वळण घेता येणार नाही हे कोणाही स्वाराला कळते. तो रॉसीवर जाऊन आदळला, रॉसी बाहेरच्या ओल्या गवतावर जाऊन पडला. मार्केझला 30 सेकंदांची शिक्षा झाली आणि तो पाचव्या स्थानावरून अठराव्या स्थानावर गेला. ती शिक्षा मला योग्यच वाटते.

हेरेझ 2005 बद्दल माझे मत कदाचित धाकट्या बंधूंना आवडेल, पण अर्धेच. पहिल्या कसोटीवर रॉसी उत्तीर्ण आहे: धडकेनंतरही तो ट्रॅकवर राहिला आणि वळणातून बाहेर पडला, म्हणजे जिबर्नाऊ नसता तरी त्याने ते वळण घेतलेच असते. दुसऱ्या कसोटीवर तो नापास आहे, कारण जिबर्नाऊ वळू लागला तेव्हा रॉसी पुरता शेजारी आलेला नव्हता. ले मान्सला सिमोन्सेलीचे याच्या उलट झाले. तो बाहेरून आल्यामुळे दुसऱ्याला आपण दिसतो हा फायदा त्याच्याकडे होता, पण पूर्ण गाडीभर पुढे जाण्याआधीच त्याने आतली वाट आपली मानली.

अलीकडे असे प्रसंग का वाढल्यासारखे वाटतात, याला एक तांत्रिक कारणही आहे. गाडीला पंख आणि राइड-हाइट (गाडी खाली बसवणारी) यंत्रणा आल्यापासून सगळेच इतक्या उशिरा ब्रेक लावतात की आणखी उशिरा लावायला जागाच उरत नाही. त्यात पुढच्याच्या मागे चिकटून राहिले तर गरम हवेमुळे पुढच्या टायरचा दाब चढत जातो आणि टायर ब्रेकिंगमध्ये दगा देऊ लागतो. 2023 मध्ये पुढच्या टायरच्या किमान दाबाचा नियम काटेकोरपणे लागू होऊ लागला. आधी मर्यादा 1.88 बार होती, 2024 पासून 1.80 आहे. म्हणजे आधीच बऱ्यापैकी दाब ठेवून निघायचे आणि वर घोळक्यात तो आणखी चढायचा. मग चार फेऱ्या मागे राहून डाव रचण्याऐवजी पहिल्याच संधीला आत घुसण्याकडे कल जातो. स्वारांचा स्वभाव बदलला असे मला वाटत नाही; वाट पाहण्याची किंमत वाढली आहे.

---

वाकडी_वाट

दोन_चाके यांची पहिली कसोटी ऐकायला सुरेख आहे, पण ती फक्त वळणात लागू पडते आणि सगळा दोष नेहमी मागच्याच्या पदरात टाकते. टाळी एका हाताने वाजत नाही.

16 ऑगस्ट 2020 चा रेड बुल रिंगचा अपघात घ्या. योहान झार्को फ्रँको मॉर्बिडेलीच्या पुढे गेला आणि ब्रेकिंगच्या जागेत त्याच्या समोर आला. पुढच्या गाडीने हवा अडवली की मागच्या गाडीला वाऱ्याचा रोध मिळत नाही आणि तेवढाच ब्रेक लावूनही ती कमी थांबते. मॉर्बिडेली त्याच्यावर आदळला, दोन्ही गाड्या उडाल्या आणि पुढच्या वळणात असलेल्या रॉसी व माव्हेरिक विन्यालेस यांच्या अगदी जवळून गेल्या. येथे आदळला तो मागचा, ओव्हरटेक आधीच पूर्ण झालेला होता, आणि शिक्षा झाली ती पुढे असलेल्या झार्कोला: पुढची शर्यत पिटलेनमधून. कोणीतरी चित्रातून पुसून टाकण्याची कसोटी येथे काय सांगणार? झार्को एकटा असता तर त्याने ते वळण आरामात घेतले असते.

तसेच 2021 च्या ऑस्टिनच्या मोटो3 (लहान इंजिनांच्या गटाच्या) शर्यतीचे. डेनिझ आन्जूने सरळ पट्ट्यावर वाट बदलली, हेरेमी अल्कोबा त्याला लागून पडला, आणि मागून येणारे आंद्रेआ मिन्यो व पेद्रो अकोस्टा त्या पडलेल्या गाडीवर आदळून हवेत फेकले गेले. नशीब बलवत्तर म्हणून सगळे चालत परतले. आन्जूला दोन शर्यतींची बंदी झाली. मला ही शिक्षा सर्वांत आवडते, कारण कोणालाही गंभीर दुखापत झालेली नसताना ती कृत्यासाठी दिली गेली. परिणामाकडे पाहून शिक्षा ठरवली असती तर लाँग लॅपवर भागले असते.

माझ्या मते तिसरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे पूर्वेतिहास. अर्जेंटिनाला रॉसी हा मार्केझचा त्या दिवसातला पहिला बळी नव्हता. त्याआधी सुरुवातीच्या रांगेवर गाडी बंद पडल्यावर उलट दिशेने गाडी नेल्याबद्दल त्याला पिटलेनची शिक्षा झाली होती आणि आलेश एस्पार्गारोला धडकल्याबद्दल एक स्थान मागे जाण्याचा आदेशही मिळाला होता. सिमोन्सेलीच्या बाबतीतही ले मान्सच्या आधीच्या एस्तोरिलच्या पत्रकार परिषदेत लोरेन्झोने त्याच्या चालवण्याबद्दल सर्वांसमोर तक्रार केली होती. ‘बरे, मग मला अटक होईल’ असे म्हणून सिमोन्सेलीने ते हसण्यावारी नेले आणि सभागृहही हसले. दोन आठवड्यांनी पेड्रोसा रुग्णालयात होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेपांगच्या शर्यतीत सिमोन्सेलीचा मृत्यू झाला, त्यामुळे आता त्याच्याबद्दल कोणी कठोर लिहीत नाही, मलाही लिहवत नाही. पण 2011 च्या मे महिन्यात रेस डायरेक्शनसमोर तो इतिहास होता हे खरे आहे. त्यांनी तो विचारात घेतला असल्यास त्यात मला अन्याय दिसत नाही.

पहिल्या फेरीचे काय, हाही प्रश्न राहतोच. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर स्प्रिंटच्या (आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीच्या) पहिल्याच वळणावर लुका मारिनी स्वतःच्याच संघातल्या मार्को बेझेक्कीवर आदळला. मारिनीचे कॉलरबोन मोडले, बेझेक्की मागे फेकला जाऊनही पाचवा आला आणि दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यत जिंकला. ज्याची चूक त्यालाच लागले. आणि 2025 ला मंदालिकाला त्याच बेझेक्कीने पहिल्या फेरीत मार्केझला मागून धडक दिली, मार्केझचा उजवा खांदा जायबंदी झाला आणि त्याचा उरलेला मोसम संपला. बेझेक्कीला पुढच्या शर्यतीसाठी दुहेरी लाँग लॅप मिळाली. ती भोगूनही तो फिलिप आयलंडला तिसरा आला. दोन्ही ठिकाणी पुढच्याचा अंदाज चुकण्याचाच प्रकार होता, पण परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक पडला.

---

दोन_चाके

रेड बुल रिंगचा मुद्दा मान्य आहे, फक्त तो माझ्या दुसऱ्या कसोटीत बसतो असे मला वाटते. समोरच्याला प्रतिसाद द्यायला वेळ आणि जागा मिळाली का, एवढाच तिचा गाभा आहे. तो समोरचा पुढे आहे की मागे याने फरक पडत नाही. ताशी 300 किलोमीटरच्या आसपास ब्रेकिंगच्या जागेत कोणाच्या समोर येणे म्हणजे त्याचा वेळ काढून घेणे.

पूर्वेतिहासाबाबत मी सहमत नाही. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना तो पाहावा. चूक झाली की नाही हे ठरवताना पाहू नये. नाहीतर ‘बद अच्छा, बदनाम बुरा’ अशी गत होते, आणि घाटवाट यांनी विचारलेल्या ‘गाडीवर कोण बसले होते’ या निकषावरच आपण येऊन पोहोचतो. लागुना सेकाच्या मातीचे उत्तर अजून कोणी दिले नाही म्हणून सांगतो. तेथे रॉसी 2008 ला आणि मार्केझ 2013 ला ट्रॅकबाहेर गेले ही गोष्ट खरी आहे, आणि आजच्या काटेकोर ट्रॅक-लिमिटच्या काळात दोघांनाही ते स्थान परत द्यावे लागले असते असे माझे मत आहे. पण तो प्रश्न सीमारेषेचा आहे. दोघांपैकी कोणीही समोरच्याला धोक्यात घातले नाही.

---

घाटवाट

सर्वांचे आभार. ‘चित्रातून पुसून टाकण्याची’ कसोटी भावाला ऐकवली. तिच्यावर रॉसी उत्तीर्ण होतो हे कळताच त्याने ती तत्काळ स्वीकारली आणि दुसरी कसोटी ऐकायला तो थांबलाच नाही.

एक उपप्रश्न राहतो. दोन_चाके म्हणतात त्याप्रमाणे हेरेझला रॉसीची अर्धी चूक होती असे धरले, तर शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर झालेल्या अर्ध्या चुकीला आजचे स्टुअर्ड्स काय शिक्षा देऊ शकतील? लाँग लॅप घ्यायला फेरीच उरलेली नसते, आणि काळा झेंडा तर फारच झाला. शेवटच्या वळणावर सगळे माफ, असाच याचा अर्थ होत नाही का?

---

पिटवॉल

तसा अर्थ होत नाही. फेऱ्या उरल्या नसतील तर लाँग लॅपऐवजी स्वाराच्या एकूण वेळेत 3 सेकंद मिळवले जातात, किंवा निकालात थेट स्थान खाली केले जाते. योगायोग असा की याचे उदाहरण हेरेझच्याच त्याच वळणावर आहे. मोटोजीपीत 2013 ला मार्केझने लोरेन्झोला शेवटच्या फेरीत तेथे धक्का देऊन दुसरे स्थान घेतले, आणि त्या वळणाला त्याच आठवड्यात लोरेन्झोचे नाव देण्यात आले होते. तेव्हा शिक्षा झाली नाही. परंतु जून 2019 मध्ये वर्ल्ड सुपरबाइकच्या पहिल्या शर्यतीत जोनाथन रे त्याच वळणावर शेवटच्या फेरीत अ‍ॅलेक्स लोव्सच्या आत घुसला आणि लोव्स पडला. रे तिसरा आला होता, त्याला चौथा केले गेले, आणि दुसऱ्या दिवशीची सुपरपोल शर्यत सर्वांत मागून सुरू करायला लावली. मालिका वेगळी असली तरी नियमांमागची संस्था तीच, एफआयएम.

आता हे 2005 ला लावून पाहा. जिबर्नाऊ खडीतून परत येईपर्यंत रॉसी आठ सेकंदांहून अधिक पुढे निघून गेला होता. 3 सेकंद मिळवूनही रॉसीच जिंकला असता; ज्याला आपण शिक्षा म्हणतो ती त्याला जाणवलीसुद्धा नसती. जिबर्नाऊला न्याय द्यायचा तर वेळेचा उपयोग नव्हता, एक स्थान खाली करणे हाच मार्ग होता, आणि मला विचाराल तर मी तोच निवडला असता: जिबर्नाऊ पहिला, रॉसी दुसरा. बंधुराजांना हे सांगायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.